जुना पीसी यूएसबीवरच्या एसएसडीवरून चालवायचा असेल तर

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या केबिनमध्ये, राजारामपुरीतल्या एखाद्या क्लासच्या लॅबमध्ये किंवा गावाकडच्या सोसायटीच्या टेबलावर २०११-१२ च्या सुमाराचा एक पीसी हमखास सापडतो. सेकंड जनरेशनचा आय-थ्री, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. त्यावर विंडोज १० टाकलेलं असतं. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि प्रोसेसर मात्र १०-१५ टक्क्यांवर निवांत बसलेला. मशीनमध्ये अजून दम असतो, पण डिस्क त्याला पुढं सरकू देत नाही.

यावर इलाज एसएसडी, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. प्रश्न उरतो तो ती बसवायची कुठं याचा. आधीच सांगून टाकतो: कॅबिनेट उघडता येत असेल, आत साटाचा (डिस्क जोडायचा) एक कनेक्टर आणि पॉवरचं एक टोक रिकामं असेल, तर एसएसडी आतच बसवा आणि पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नका. एच-६१ वरची जुनी साटा-२ जोडणीसुद्धा सेकंदाला २५०-२७० एमबी देते, शिवाय बूटची (मशीन सुरू होताना सिस्टम उचलण्याची) कसलीही भानगड नाही. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून तिथं कॅडी (एसएसडी धरणारी चौकट) बसते. कॅडी घेण्याआधी ड्राइव्हची जाडी तेवढी मोजा, ती ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर असते.

यूएसबीची वाट आहे ती ज्यांना आत हात घालता येत नाही त्यांच्यासाठी. २०१२ अखेरच्या मॉडेलपासून आयमॅकची काच चिकटपट्टीनं बसवलेली असते. ऑल-इन-वन उघडणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. कुठं मशीन संस्थेचं असतं आणि सील तोडायची परवानगी नसते. कुठं आतल्या विंडोजमध्ये दहा वर्षांचा हिशेब असतो आणि त्याला कुणी बोट लावू देत नाही. कुणाला तीच सिस्टम सकाळी दुकानात आणि रात्री घरी हवी असते. आणि २०१९ चा, २०२१ चा महापूर पाहिलेल्या तळमजल्यावरच्या ऑफिसांना आणखी एक सोय होते: मशीन बंद केलं, केबल काढली की अख्खं काम खिशात घालून वरच्या मजल्यावर जाता येतं.

वेग नेमका कुठून येतो

७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदात पूर्ण करते. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद लागतात, आणि हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९. एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ७५-८० वाचनं होतात. सिस्टम सुरू होताना अशी हजारो छोटी वाचनं डिस्कभर विखुरलेली असतात. शाहू मार्केट यार्डात एकाच अडत्याकडून गुळाचे शंभर रवे ट्रकमध्ये चढवणं वेगळं आणि शंभर अडत्यांच्या दारात फिरून एकेक रवा गोळा करणं वेगळं. वजन तेवढंच भरतं, पण दुसऱ्या कामात दिवस जातो. डिस्कच्या डब्यावर लिहिलेला वेग पहिल्या कामाचा असतो, आणि पीसी रखडतो तो दुसऱ्या कामात.

एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे विखुरलेली वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते. आता मध्ये यूएसबी आली की काय होतं ते पाहा. यूएसबी २ चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, हातात पडतात सेकंदाला ३०-४० एमबी. म्हणजे एक मोठा व्हिडिओ कॉपी करायला ती आतल्या जुन्या डिस्कपेक्षाही हळू. पण छोटी वाचनं त्याच यूएसबी २ वरसुद्धा सेकंदाला हजाराच्या वर होतात, जिथं डिस्क ऐंशीवर दमते. म्हणून यूएसबी २ ला एसएसडी लावून ‘काही फरक नाही बघा’ म्हणणारा आणि ‘नाद खुळा’ म्हणणारा, दोघंही खरंच बोलत असतात. एकानं फाइल कॉपी करून पाहिलेली असते, दुसऱ्यानं ब्राउझर उघडून.

यूएसबी ३ वर हा प्रश्नच मिटतो. ५ गिगाबिटमधून सांकेतिक भर वजा जाता ५०० एमबी उरतात आणि प्रत्यक्षात सुमारे ४०० मिळतात. मात्र त्यासाठी केसिंगला (एसएसडी ज्या डब्यात घालून यूएसबीला जोडतात त्याला) यूएएसपी ही पद्धत यायला हवी. जुन्या पद्धतीत केसिंग एक हुकूम घेतं, तो पूर्ण करतं, मगच दुसरा घेतं. यूएएसपीमध्ये बरेच हुकूम एकदम रांगेत लावता येतात, आणि छोट्या वाचनांना त्याचाच फायदा होतो. विंडोज ८ पासून पुढं आणि आजच्या कुठल्याही लिनक्समध्ये यूएएसपी आहे. विंडोज ७ मध्ये नाही.

दोन पहारेकरी

बहुतेकांची गाडी इथं अडते. पॉवरचं बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांत मशीनवर बायोसचं, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमधल्या प्रोग्रामचं, राज्य असतं. विंडोज किंवा लिनक्स अजून मेमरीत आलेलंच नसतं. त्या वेळी कुठली डिस्क दिसते हे फक्त बायोसला काय शिकवलंय त्यावर ठरतं. बायोस त्या डिस्कवरून बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) उचलतो, बूटलोडर कर्नल (सिस्टमचा गाभा) उचलतो, आणि कर्नलनं स्वतःचे ड्रायव्हर चालू केले की मग बायोसचा संबंध संपतो. म्हणजे पहारेकरी दोन: आधी बायोस, मग कर्नल.

इंटेलच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३ मुळातून आलं २०१२ च्या ७ सिरीजपासून, म्हणजे थर्ड जनरेशनच्या वेळी. त्याआधीच्या एच-६१ सारख्या बोर्डांवर निळे पोर्ट दिसले तर ते कंपनीनं वेगळी चिप चिकटवून दिलेले असतात, आणि बायोसला ती चिप ओळखता येईलच असं नाही. पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमध्ये घातलेल्या यूएसबी ३ कार्डाचंही तेच: बहुतेक जुने बायोस त्याच्यापलीकडं बघतच नाहीत. म्हणून विंडोज चालू असताना एसएसडी निळ्या पोर्टवर झकास चालते आणि बूट मेनूत तिचं नावही नसतं. ड्राइव्ह खराब नसते, पहिल्या पहारेकऱ्याला ती दिसलेलीच नसते.

हे तपासायला एक रुपयाही लागत नाही. ८ जीबीचा कुठलाही पेनड्राइव्ह घ्या, रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामनं त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) लिहा, आणि मशीनच्या प्रत्येक पोर्टमध्ये लावून बूट मेनू उघडा. डेल, लेनोव्हो, एसर आणि गिगाबाइटवर एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डावर एफ८. ज्या पोर्टवरून मेनूत पेनड्राइव्ह दिसला आणि बूटही झाला, त्यावर टेपचा तुकडा चिकटवून खूण करा.

मिंट चालू झाल्यावर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी हा आदेश वजा टी लावून (lsusb -t) द्या. प्रत्येक पोर्टखालच्या वस्तूपुढं ४८० एम किंवा ५००० एम असं दिसतं. पेनड्राइव्ह स्वतः यूएसबी ३ चा असेल तर ५००० दिसणारा पोर्ट खरा वेगवान. पुढं एसएसडी लावाल तेव्हा त्याच ओळीत ड्रायव्हरचं नाव ‘यूएएस’ आहे की ‘यूएसबी-स्टोरेज’ तेही बघून घ्या. नुसता निळा रंग पुरावा धरू नका.

हे करण्याआधी बायोसमध्ये जाऊन चार ठिकाणं पाहायची. ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ चालू. ‘एक्सएचसीआय मोड’ (एक्सएचसीआय म्हणजे यूएसबी ३ चा कंट्रोलर) असेल तर ‘ऑटो’ किंवा ‘एनेबल्ड’. ‘एक्सएचसीआय हँड-ऑफ’ चालू. ‘फास्ट बूट’ बंद, कारण तो वेळ वाचवण्यासाठी यूएसबीकडं बघणंच टाळतो. आणखी एक फसवी जागा: एएमआय या कंपनीच्या बायोसमध्ये यूएसबीवरची एसएसडी ‘रिमूव्हेबल’च्या यादीत येत नाही, ती ‘हार्ड डिस्क’च्या पोटयादीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दडलेली असते. तिथं जाऊन ती वर आणावी लागते. बायोस अपडेट करून पोर्ट ओळखता येतील का, हा विचार चांगला. पण पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसताना यूपीएसशिवाय तो उद्योग करू नका. अपडेट अर्ध्यात तुटलं तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

काय घ्यायचं

साधी अडीच इंची साटा एसएसडी आणि यूएएसपीवालं केसिंग, जुन्या मशीनला एवढं पुरे. केसिंगच्या आतली चिप कुठली ते विचारा. एएसमीडियाची एएसएम-११५३ई किंवा एएसएम-२३५सीएम चांगली, जेमायक्रॉनची जेएमएस-५७८ ठीक. दुकानदाराला चिपचं नाव माहीत नसेल तर डब्यावर यूएएसपी लिहिलंय का एवढं तरी बघा.

एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जातीची) एसएसडी आणि १० गिगाबिटचं केसिंग घ्यायचा मोह टाळा. ५ गिगाबिटच्या पोर्टवर तेही चारशेच्या आसपासच अडकणार, वर गरम होणार आणि करंट जास्त ओढणार. यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिॲम्पियर द्यायला बांधील आहे, म्हणजे साडेचार वॅट. यूएसबी २ चा फक्त ५००, म्हणजे अडीच वॅट. साटा एसएसडी यात साधारण भागवते. जोमदार एनव्हीएमई लिहायला लागली की या हद्दीबाहेर जाते आणि मध्येच गायब होते.

पेनड्राइव्हवर कायमची सिस्टम टाकू नका. त्यातला कंट्रोलर फोटो-गाणी एका दमात लिहायला बनवलेला असतो. सिस्टम एकाच वेळी दहा ठिकाणी थोडं थोडं लिहीत असते, त्यात तो गुदमरतो, तापतो आणि काही महिन्यांत मान टाकतो. स्वस्तात मिळालेल्या एसएसडीची खरी क्षमता एकदा तपासून घ्या. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर एफ-३. डब्यावर १ टीबी आणि आत ६४ जीबीची चिप, असले प्रकार बाजारात आहेत.

केबल अर्धा ते एक मीटर, त्याहून लांब नको. आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टचा नाद सोडा. तिथून मदरबोर्डपर्यंत आतून एक बारीक वायर गेलेली असते, तिच्यात व्होल्टेजही पडतं आणि सिग्नलही. मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात. फाउंड्री किंवा लेथच्या शेजारचं मशीन असेल तर लावण्याआधी पोर्टमध्ये टॉर्च मारून लोखंडाचा कीस पाहा.

रॅम ४ जीबी असेल तर तेवढ्यात डीडीआर-३ ची आणखी एक ४ जीबीची काडी टाका. मेमरी कमी पडली की सिस्टम डिस्कवर स्वॅप करते, म्हणजे मेमरीतला माल तिथं उतरवते, आणि ती डिस्क आता यूएसबीच्या पलीकडं असते.

लिनक्स टाकताना

बूट मेनूत एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसू शकतात, एक साधं आणि एक ‘यूईएफआय’ (बायोसची नवी पद्धत) हा शब्द आधी लावलेलं. ज्या नावानं तुम्ही आत शिराल त्याच पद्धतीची सिस्टम एसएसडीवर बसते. २०११-१२ च्या बोर्डांवरचं यूईएफआय कच्चं होतं, त्यामुळे त्या काळच्या मशीनवर साधी, म्हणजे लेगसी पद्धत कमी त्रास देते. २०१४ नंतरच्या मशीनवर यूईएफआय बिनधास्त वापरा.

आतल्या डिस्कची साटा केबल काढता येत असेल तर इन्स्टॉल होईपर्यंत ती काढूनच ठेवा. हे नुसतं काळजीपोटी सांगत नाही. उबंटू घराण्यातला (मिंट त्यातलंच) जुना इन्स्टॉलर, तुम्ही बूटलोडरसाठी बाहेरची ड्राइव्ह निवडली तरी यूईएफआय पद्धतीत बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (बूटच्या फाइलींच्या भागावर) टाकून मोकळा होतो. मग एसएसडी दुसऱ्या मशीनला लावली की ती बूट होत नाही, आणि ती काढली की कधी कधी घरचं विंडोजही रुसतं. केबल काढलेली असेल तर ‘इरेज डिस्क’ निवडून डोळे झाकून पुढं जा. काढता येत नसेल तर ‘समथिंग एल्स’मध्ये जाऊन सगळं हातानं करा आणि ड्राइव्ह तिच्या आकारावरून ओळखा. आतली ५०० जीबी असेल तर एसएसडी २४० घ्या, गफलत होणार नाही.

यूईएफआयमध्ये बाहेरची ड्राइव्ह कुठल्याही मशीनवर चालावी असं वाटत असेल तर तिच्या ईएफआय पार्टिशनवर ‘बूट’ नावाच्या फोल्डरात ‘बूटएक्स६४’ ही फाइल असलीच पाहिजे. ओळख नसलेल्या ड्राइव्हवर बायोस फक्त हाच एक पत्ता शोधतो. फाइल नसेल तर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा ग्रब-इन्स्टॉल हा आदेश ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय लावून (grub-install --removable) पुन्हा चालवा.

लेगसी पद्धतीत आणखी एक जुनं दुखणं आहे. काही बायोसना यूएसबी ड्राइव्हचा फक्त पहिला १३७ जीबीचा भाग वाचता येतो. इन्स्टॉल केल्यावर महिनाभर सगळं सुरळीत चालतं, मग एका अपडेटनंतर नवा कर्नल डिस्कच्या लांबच्या कोपऱ्यात लिहिला जातो आणि ग्रब ‘डिस्कच्या बाहेर वाचायचा प्रयत्न’ अशा अर्थाचा एरर देऊन थांबतो. इलाज सोपा: ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला १ जीबीचं वेगळं बूट पार्टिशन करा, म्हणजे कर्नल कायम त्या हद्दीतच राहील.

बायोसला ड्राइव्ह दिसतच नसेल तर

यूएसबी २ वरून बूट होतं पण वेग कमी, आणि यूएसबी ३ वर वेग आहे पण बायोसला दिसत नाही, अशी कोंडी झाली तर काम वाटून द्यायचं. बायोसला जेवढं लागतं तेवढंच त्याला दिसणाऱ्या जागी ठेवायचं आणि बाकी सगळी सिस्टम वेगवान पोर्टवर. बूटलोडर, कर्नल आणि त्याच्यासोबतची इनिट-रॅम-एफएस ही फाइल, तिन्ही मिळून काहीशे एमबीत बसतात. या फाइलमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर असतो. कर्नल एकदा मेमरीत आला की तो स्वतःच निळा पोर्ट जागा करतो आणि पुढची सिस्टम तिथून उचलतो.

प्रत्यक्षात असं करा. एक जुना ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूट होणाऱ्या काळ्या (यूएसबी २ च्या) पोर्टमध्ये कायमचा लावा. शक्यतो बाहेर न डोकावणारा, नखाएवढा घ्या. लाईव्ह (पेनड्राइव्हवरूनच चालू केलेल्या) मिंटमधला जीपार्टेड वापरून त्यावर १ जीबीचं ईएक्सटी-४ पार्टिशन करा, आणि यूईएफआय पद्धत असेल तर आधी ५०० एमबीचं फॅट-३२. एसएसडी निळ्या पोर्टला किंवा कार्डाला लावा. इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडून पेनड्राइव्हचं १ जीबीचं पार्टिशन ‘बूट’ म्हणून आणि एसएसडीचं मोठं पार्टिशन ‘रूट’ म्हणून द्या. ‘बूटलोडर कुठं’ या प्रश्नाला पेनड्राइव्हचं नाव द्या. मिंट ड्राइव्ह ओळखायला यूयूआयडी (पार्टिशनचा कायमचा ओळख-क्रमांक) वापरतं, त्यामुळे नंतर पोर्ट बदलला तरी बिघडत नाही.

पहिल्या बूटला ‘रूट फाइल सिस्टमची वाट पाहून थांबलो’ अशा अर्थाची ओळ येऊन इनिट-रॅम-एफएसचा काळा पडदा आला तर घाबरू नका. बहुधा एसएसडी उशिरा जागी झालेली असते. ग्रबच्या मेनूत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘रूटडिले=१०’ (rootdelay=10) असं टाका. चाललं तर तेच कायमच्या सेटिंगमध्ये घालून ग्रब अपडेट करा. ग्रबमध्ये सी दाबून एलएस टाइप केलं की बायोसला दिसणाऱ्या सगळ्या डिस्कांची नावं येतात. त्या यादीत एसएसडी नसली तरी या पद्धतीत चालतं, आणि पद्धतीची गंमत तीच आहे. दर काही महिन्यांनी जुने कर्नल काढत जा, नाहीतर ते १ जीबी भरतं आणि अपडेट अर्ध्यात अडकतं.

पीसीआय-एक्सप्रेस कार्ड घेणार असाल तर त्यावर मोलेक्स किंवा साटा पॉवरची खाच आहे का बघा आणि तिथं वायर नक्की जोडा. ती न जोडता कार्ड ‘चालतं’, पण एसएसडीवर जोर आला की ड्राइव्ह सुटते.

ज्या मशीनचा बायोस यूएसबीवरून बूट करायलाच तयार नाही, अशा त्याहून जुन्या पीसीवर प्लॉप बूट मॅनेजर आतल्या डिस्कवर किंवा सीडीवर ठेवून काम होतं. त्याच्याकडं स्वतःचे यूएसबी ड्रायव्हर आहेत, पण यूएसबी २ पर्यंतचेच.

विंडोजवाल्यांसाठी

टॅलीसारखं विंडोजसाठीच बनलेलं सॉफ्टवेअर लागत असेल तर लिनक्सचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पण विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबी ड्राइव्हवर बसायला नकार देतो. मार्ग रूफसमधून आहे. त्यात ‘लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्ह्ज’वर टिक करा, नाहीतर केसिंगमधली एसएसडी यादीतच येत नाही. आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलरची फाइल) निवडल्यावर ‘विंडोज टू गो’ हा पर्याय घ्या. पुढं आतल्या डिस्कांना हात न लावण्याचा पर्याय विचारला जातो, तो चालू ठेवा. मायक्रोसॉफ्टनं ही सोय विंडोज १० च्या २००४ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून (हे वर्ष नव्हे) काढून टाकली आहे, त्यामुळे तिच्याकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका. महिन्याचे सुरक्षा अपडेट येतात, पण मोठं आवृत्ती-अपग्रेड या पद्धतीत नीट होत नाही. त्या वेळी ड्राइव्ह नव्यानं बनवणंच बरं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हेही हिशेबात धरा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर कोअर-२ च्या काळातल्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक सूचना त्या प्रोसेसरमध्येच नाही.

वर सांगितलेली काम वाटून देण्याची युक्ती विंडोजला चालत नाही. विंडोजचा बूटलोडर कर्नल आणि सुरुवातीचे ड्रायव्हर सिस्टमच्याच पार्टिशनवरून वाचतो, आणि तेही बायोसच्या डोळ्यांनी. म्हणजे एसएसडी बायोसला दिसणाऱ्या पोर्टवरच असावी लागते. आणि विंडोज ७ चा विषय इथंच सोडा. त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळातच नाही, त्यामुळे निळा पडदा आणि ०एक्स७बी हा कोड ठरलेला.

विंडोज टू गो चालू असताना चुकून केबल निघाली तर स्क्रीन गोठते. ६० सेकंदांच्या आत त्याच पोर्टला परत लावली तर काम पुढं चालू होतं, नाहीतर मशीन बंद पडतं. लिनक्समध्ये एवढीही सवलत नाही.

आयमॅकचं काम सगळ्यांत सरळ. २०१२ अखेरच्या मॉडेलपासून चारही पोर्ट यूएसबी ३ आहेत आणि सगळ्यांवरून बूट होतं. डिस्क युटिलिटीमध्ये ‘शो ऑल डिव्हाइसेस’ करून सर्वांत वरची ओळ निवडा, मॅकओएस हाय सिएरा किंवा पुढचं असेल तर एपीएफएस आणि जीयूआयडी मॅपनं मिटवा, इन्स्टॉलर चालवून बाहेरची ड्राइव्ह निवडा, आणि ‘स्टार्टअप डिस्क’मध्ये तिची नोंद करा. एखाद्या वेळी आतल्यावरून सुरू करायचं असेल तर ऑप्शन बटण दाबून धरा. २०१२ चा आयमॅक मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीवर थांबतो, २०१७ चा व्हेंचुरावर. २०११ च्या आयमॅकवर यूएसबी २ च आहे, तिथं थंडरबोल्टचं केसिंग शोधा. आणि टी-२ ही सुरक्षा चिप असलेल्या २०१८-२० च्या मॅकवर आधी रिकव्हरीत जाऊन ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’त बाहेरून बूटला परवानगी द्यावी लागते.

नंतर येणाऱ्या कुरबुरी

सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी: काम चालू असताना सगळं अर्धा मिनिट गोठतं, मग सुटतं. लिनक्सच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारा dmesg हा आदेश) यूएएस आणि ॲबॉर्ट हे शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर आधी पोर्ट बदला, मग केबल बदला. तरीही तेच झालं तर केसिंगचा आयडी एलएसयूएसबीमधून घेऊन त्या एका केसिंगपुरतं यूएएसपी बंद करा. कर्नलला यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्समध्ये तो आयडी आणि पुढं यू हे अक्षर द्यायचं (usb-storage.quirks=आयडी:u). वेग थोडा उतरतो, गोठणं थांबतं.

वेग अचानक दहा पटीनं घसरला तर प्लग काढून एका झटक्यात पूर्ण आत घाला. यूएसबी ३ च्या जास्तीच्या पाच पिना प्लग शेवटपर्यंत गेल्यावरच टेकतात. हळूहळू घातला तर जुन्या चार पिना आधी टेकतात आणि मशीन त्याला यूएसबी २ समजून बसतं.

मशीन थंड असताना बूट होतं पण रिस्टार्टला ‘नो बूट डिव्हाइस’ येतं, तेव्हा केसिंगला नव्यानं जागं व्हायला वेळ लागलेला असतो. बायोसमध्ये ‘पोस्ट डिले’ ३ ते ५ सेकंद करा. स्लीपमधून उठल्यावर सिस्टम मेलेली असते, त्याचंही मूळ हेच: ड्राइव्ह नव्यानं जोडल्यासारखी येते आणि चालू सिस्टमच्या पायाखालची जमीन सरकते. स्लीप बंदच ठेवा, एसएसडीवरून मशीन लगेच सुरू होतं. काही केसिंग दहा मिनिटं काम नसेल तर स्वतःहून झोपतात, असलं केसिंग बदला.

वायरलेस माउस अडखळायला लागला तर माउसला दोष देऊ नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर लेखच काढला होता. माउसचं रिसिव्हर साध्या एक्स्टेन्शन केबलनं फूटभर लांब न्या. वायफाय अधूनमधून जात असेल तर ते ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

आतली जुनी डिस्क मोकळी झाली असेल तर तिचा एक भाग ईएक्सटी-४ करून मिंटमधल्या टाइमशिफ्टला द्या. तो सिस्टमच्या प्रती ठेवतो. तुमच्या फाइली मात्र तो घेत नाही, त्यांची वेगळी प्रत त्याच डिस्कवर ठेवावी लागते. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही.